गाढवीकाठचे प्रेम

प्रेमपटांवर माझा राग आहे. रडक्या प्रेमपटांवर नाही. त्यांत शेवटी कोणीतरी मरते आणि प्रेक्षक सावध होऊन घरी येतो. राग आहे तो हसऱ्या, गोड, शेवटी सगळे छानछान होणाऱ्या प्रेमपटांवर. ते पाहून माणूस खुशीत घरी येतो आणि मग घरच्यांना त्याचा त्रास सुरू होतो.

या पिक्चरांचे भांडवल एकच : मनातले सरळ बोलायचे नाही. नायकाने पहिल्याच रिळात ‘तुम्ही मला आवडता, तुमचे काय मत?’ असे विचारले आणि तिने उत्तर दिले, तर निर्मात्याचे दिवाळे वाजेल. म्हणून तो विचारत नाही. १९७६ सालचा बासू चटर्जींचा ‘छोटी सी बात’ घ्या. (मला तो फार आवडतो, म्हणूनच राग जास्त.) अमोल पालेकर विद्या सिन्हाच्या मागेमागे रोज मुंबईभर फिरतो, पण तोंड उघडत नाही. शेवटी खंडाळ्याला जाऊन एका कर्नलसाहेबांकडे शिकवणी लावतो आणि पिंगपाँगच्या टेबलावर प्रतिस्पर्ध्याला हरवण्याइतका तयार होऊन परततो. अहो, खंडाळ्याच्या तिकिटाच्या पैशात मुंबईत चहा पाजून पाच वेळा विचारून झाले असते!

१९९५ च्या ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ने तर मुंबईच्या मराठा मंदिरात हजार आठवडे ओलांडले. त्यात मुलगी म्हणते पळून जाऊ, तिची आई दागिने हातात देऊन म्हणते पळून जा. नायक मात्र बापाच्या परवानगीसाठी अडून बसतो. म्हणजे विचारतो तो बापाला. मुलीने शेवटी गाडीमागे धावायचे, एवढेच तिच्या वाट्याला.

हे सगळे मुंबईचे, आपल्याला काय त्याचे, असे आमच्या अर्जुनी मोरगावच्या माणसाने म्हणू नये. गोठणगावजवळ गाढवी नदीवर इटियाडोहचे धरण झाले ते १९७० साली, धानाला पाणी मिळावे म्हणून. मिळालेही. पण आता हिवाळ्यात पाळीवर जावे तर धानापेक्षा जोडपीच जास्त. लग्नाआधीचे फोटो काढायचे असतात. त्याला ‘प्री-वेडिंग’ म्हणतात. मुलगा-मुलगी उभ्या आयुष्यात दोनदा भेटलेले, दोन्ही वेळा मामा मध्ये बसलेला. आणि फोटोवाला ओरडतो, ‘ताई, रुसा! दादा, तुम्ही मनवा!’ ताई कशावर रुसतात हे दादाला ठाऊक नाही, आणि ताईलाही अजून दादावर रुसायला कारण सापडलेले नाही. तरी ती रुसते, तो मनवतो, आणि तीन मिनिटांत काम फत्ते. पुढे लग्नानंतर ती खरोखर रुसते तेव्हा हा तसाच गुडघ्यावर बसतो आणि ती म्हणते, ‘उठा, आधी सिलिंडरचा नंबर लावा.’ दोघांचाही विरस. नदीचे नाव गाढवी, हे मात्र अल्बमात कुठेच येत नाही.

अल्बमात सारसाची जोडी हमखास असते. महाराष्ट्रात सारस उरला तो मुख्यतः आमच्या गोंदिया जिल्ह्यात, त्यामुळे त्याच्यावर आमचा हक्क. सारस जन्माचा जोडीदार धरतो, पंख पसरून नाचतो, सगळे खरे. पण नाच झाल्यावर नर-मादी दोघेही महिनाभर आळीपाळीने अंड्यांवर बसतात. त्याचे फोटो कोणी मागत नाही. एक पक्षी बसलेला आणि दुसरा धानाच्या बांधीत बेडूक शोधतोय, ह्यात कसले आले प्रेम!

कोणी म्हणेल, पिक्चर पाहून कोणी बिघडतो का? घटकाभर करमणूक. माझ्या परिचयातली एक मुलगी बसने कॉलेजला जायची. एक मुलगा सहा महिने मोटरसायकलवरून बसच्या मागे. तिने तीनदा सांगितले, मला हे आवडत नाही. त्याचे मित्र म्हणाले, मध्यंतरापर्यंत हिरोईन नाहीच म्हणते. सातव्या महिन्यात तिच्या वडिलांनी तिचे कॉलेज बंद केले. मुलगा अजून मोटरसायकलवर आहे. ह्याला घटकाभर म्हणायचे असेल तर म्हणा.

आणि दोष एकट्या पिक्चरवाल्यांचा तरी कसा? आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर मंडई आणि नाटकांचा हंगाम. वडशाच्या कंपन्या गावोगाव जातात, रात्री पडदा उघडतो तो पहाटेपर्यंत. घराघरात पाहुणे. रंगमंचावर प्रेमी जिवांची ताटातूट झाली की सगळा शामियाना हळहळतो. आडव्या येणाऱ्या बापाला पहिल्या रांगेतले बाप शिव्या घालतात. तेच बाप सकाळी तोंड धुऊन सोयरीक जमवायला बसतात. शेती किती, नोकरी पक्की का, भाऊ किती. रात्रभर जिच्यासाठी डोळे पुसले ती नायिका, आणि समोर चहाचा ट्रे घेऊन उभी असलेली पोरगी, ह्यांचा एकमेकींशी काही संबंध असेल असे कोणालाही वाटत नाही. घरात प्रेमाचे नाव काढायचे नाही, मग पोरे ते शिकणार तरी कुठे? पडद्यावरच. तिथले मास्तर असे!

गेल्या हंगामात अशाच एका बैठकीत मी होतो. बोलणी पक्की होत आली होती. कोपऱ्यात एक म्हाताऱ्या आत्याबाई बसल्या होत्या. त्यांनी पिक्चर फारसे पाहिलेले नसावेत, कारण त्यांनी सरळ विचारले, ‘पोरी, पोट्टा पसंत हाये का तुले?’

बैठक गप्प. पोरीने ट्रे खाली ठेवला आणि म्हणाली, ‘नाई जी.’

सगळे मनापासून हसले. लाजली, लाजली, म्हणाले. मुलाकडच्या मामांनी तर पेढ्याचा डबाच उघडला.

‘अजी,’ आत्याबाई म्हणाल्या, ‘पोरगी नाई म्हनून रायली ना!’