ओपन, क्लोज आणि आमचे मौन

आमच्या बालपणी वसईतल्या वेदीवरून मटक्याविरुद्ध जे कोरडे ओढले जात, ते आज पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांना आठवत असतील. धर्मगुरू कोणाचे नाव घेत नसत. पण प्रवचनाचा रोख कोणत्या बाकाकडे आहे हे बायाबापड्यांनाही समजे. आज त्याच बाकांवर त्या मंडळींचे नातू बसतात. त्यांच्या खिशात आकड्याची चिठ्ठी नाही, मोबाईल आहे. आणि आम्ही धर्मगुरू मूग गिळून बसलो आहोत.

मटक्याचे मूळ पुष्कळांना ठाऊक नसते. मडक्यातून चिठ्ठ्या काढण्याची रीत १९६० नंतरची. त्यापूर्वी मुंबईत आकडा लागत असे तो न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील भावांवर. तिकडचा उघडताना निघालेला भाव आणि बंद होतानाचा भाव टेलिप्रिंटरवरून मुंबईच्या कापूस बाजारात येई आणि ज्याने जन्मात कापसाचे बोंड खुडले नाही असा माणूस त्यावर पैसे लावी. ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे शब्द तिथले. १९६१ मध्ये ते भाव येणे थांबले, तेव्हा मडके आणावे लागले. म्हणजे जुगार बाजाराच्या पोटीच जन्मला होता. आता तो पुन्हा माहेरी आला आहे, एवढेच.

आरंभीच एक खुलासा करतो, म्हणजे पुढचा गैरसमज टळेल. शेअर घेणे हे पाप आहे असे आम्ही म्हणत नाही. एखाद्या उद्योगात आपली शिल्लक घालावी, पाच-दहा वर्षे त्याच्या बऱ्यावाईटात सहभागी व्हावे, लाभांश मिळाला तर घ्यावा, यात गैर काहीच नाही. वायद्याचा करार हाही मुळात दुष्ट नव्हे. सोयाबीन पेरणाऱ्याला किंवा तेल गाळणाऱ्याला चार महिन्यांनंतरचा भाव आज पक्का करून हवा असतो. त्याच्या डोक्यावरचे ओझे कोणी मोबदला घेऊन उचलले तर ती एक प्रकारची सेवाच. परंतु आमच्या धर्मग्रामातील तरुण जे करतात ते हे नव्हे. ते सकाळी सव्वानऊला घेतात आणि दुपारी साडेतीनच्या आत विकतात. ते सेन्सेक्सवर, निफ्टीवर पैसे लावतात. सोयाबीन शेतात पिकते. निर्देशांक कोणाच्या शेतात पिकतो?

“फादर, हा जुगार नाही, हा अभ्यास आहे,” असे आम्हांला सांगण्यात येते. सांगणारे सुशिक्षित असतात, दर रविवारी मिस्सेला येतात, म्हणून उत्तर देणे भाग आहे.

सेमिनरीत नीतिशास्त्र शिकवणारे आमचे वृद्ध प्राध्यापक मोठे उदार होते. पैज स्वभावतः पाप नाही, असे ते सांगत. मात्र ती सचोटीची ठरावी यासाठी जुन्या नीतिशास्त्रज्ञांनी चार अटी घातल्या होत्या. डावावर लावलेला पैसा खेळणाऱ्याचा स्वतःचा आणि मोकळा असावा, म्हणजे त्यावाचून घरातल्या कोणाचे अडू नये. खेळणारा आपखुशीने खेळत असावा. कोठे कपट नसावे. आणि दोन्ही बाजूंची संधी साधारण सारखी असावी. आम्ही तेव्हा या अटी परीक्षेपुरत्या घोकल्या. तीस वर्षांनी त्या एका आईने आम्हांला पुन्हा आठवायला लावल्या.

ही हकीकत पापनिवेदनातली नव्हे. त्या बाई उघडपणे धर्मगुरुनिवासात आल्या आणि “नाव टाकू नका, पण लिहा, फादर,” असे त्यांनीच सांगितले. त्यांच्या वाडीचा एक तुकडा इमारतीसाठी विकला गेला होता. त्या पैशांतून सहा लाख चाळीस हजार रुपये त्यांनी गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी आणि मुलीच्या लग्नासाठी ठेव म्हणून बाजूला ठेवले होते. मुलगा पदवीधर. २०२० च्या टाळेबंदीत घरी बसल्या बसल्या त्याने डिमॅट खाते उघडले. त्या काळी तो एकटा नव्हता: मार्च २०२० मध्ये देशात सुमारे चार कोटी डिमॅट खाती होती, मार्च २०२४ पर्यंत ती पंधरा कोटींवर गेली. २३ मार्च २०२० रोजी सेन्सेक्स एका दिवसात ३,९३४ अंकांनी कोसळला होता, आणि वर्ष उलटण्याच्या आत, फेब्रुवारी २०२१ मध्ये, तो पन्नास हजारांवर पोहोचला. ज्यांनी भीतीच्या दिवसांत धीराने चांगले शेअर घेतले आणि ठेवले त्यांचे भले झाले, हे खरेच. पण तरुणांनी त्यातून धडा उचलला तो धीराचा नव्हे. भीतीचे दिवस म्हणजे कमाईचे दिवस, एवढाच उचलला.

३ जून २०२४ रोजी, निवडणुकीच्या अंदाजांनी बाजार उसळला असता, या मुलाने आईकडून सह्या घेऊन मोडलेली ठेव ‘कॉल’मध्ये घातली. कॉल म्हणजे बाजार चढेल या बाजूचा डाव. दुसऱ्या दिवशी निकाल लागले आणि सेन्सेक्स ४,३९० अंकांनी खाली आला. त्याचे बहुतेक पैसे दुपारपर्यंत गेले. तेव्हा घाबरून, उरलेसुरले आणि मित्राकडून घेतलेले लाखभर रुपये त्याने ‘पुट’मध्ये, म्हणजे बाजार अजून पडेल या बाजूने लावले. ५ जूनला बाजार २,३०३ अंकांनी वर गेला. मंगळवारी चढण्यावर हरला, बुधवारी पडण्यावर हरला.

पुष्कळांना वाटते की हा निव्वळ दुर्दैवाचा खेळ. तसे नाही. ऑप्शनची किंमत केवळ बाजाराच्या दिशेवर ठरत नाही, लोकांच्या धास्तीवरही ठरते. त्या धास्तीचे माप घेणारा एक स्वतंत्र निर्देशांकच आपल्या राष्ट्रीय शेअर बाजारात आहे. आभाळ भरून आले की छत्री तिप्पट भावाने विकली जाते, आणि सरीचा जोर ओसरला की तीच छत्री कोणी विचारत नाही. घाबरलेला माणूस छत्री घेतो ती नेमकी महाग असताना. शिवाय ही छत्री आठवडाभराचीच: ठरलेला दिवस उलटला की तिची काडीही हाती राहत नाही. म्हणजे भीती ही या बाजारात अपघाताने येणारी आपत्ती नसून विकला जाणारा माल आहे, आणि तो घेणारे आमचे लोक आहेत.

आता जुन्या अटी लावून पाहू. पैसा मोकळा होता काय? तो आईच्या गुडघ्याचा आणि बहिणीच्या लग्नाचा होता. आपखुशी म्हणाल, तर ३ जूनला ती होती असे मानू; ४ तारखेच्या दुपारी, हात थरथरत असताना दाबलेल्या बटणाला आपखुशी म्हणायला आमची जीभ रेटत नाही. सेबीनेच सांगितले आहे की सलग दोन वर्षे तोटा होऊनही तोटेकऱ्यांपैकी तीनचतुर्थांशांहून अधिक लोक खेळत राहिले. दारू सुटत नाही त्या माणसाला आम्ही आपखुशीचा म्हणत नाही.

आणि संधी सारखी असण्याची अट? इथे आकडे सेबीचेच देतो, कारण आमच्या शब्दावर कोणी विश्वास ठेवावा असा आमचा या विषयातला अधिकार नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये सेबीने प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार मार्च २०२४ अखेरच्या तीन वर्षांत वायदे व ऑप्शनमध्ये उतरलेल्या एक कोटीहून अधिक वैयक्तिक खेळाडूंपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. माणशी सरासरी तोटा सुमारे दोन लाख. एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटींहून अधिक. सर्व खर्च वजा जाता लाखावर नफा कमावणारे शेकडा एक. २०२४-२५ या पुढच्या वर्षीही ९१ टक्के तोट्यातच राहिले. सकाळच्या पहिल्या मिस्सेला शंभर माणसे असतात असे धरा. त्यांतील त्र्याण्णव जण गमावून घरी जातात आणि एकाच्या घरी गोडधोड होते. त्या एकाचा फोटो मात्र सर्वांच्या मोबाईलवर फिरतो.

गेलेला पैसा जातो कोठे, हेही त्याच अभ्यासात आहे. २०२३-२४ मध्ये स्वतःच्या भांडवलावर व्यवहार करणाऱ्या बड्या संस्थांना सुमारे ३३ हजार कोटी आणि परदेशी गुंतवणूकदार संस्थांना सुमारे २८ हजार कोटींचा नफा झाला, आणि त्यातला जवळजवळ सारा संगणकाच्या आज्ञावलींनी मिळवून दिला. ते संगणक पापणी लवायच्या आत सौदे करतात. आमचा पोरगा चर्चगेट लोकलमध्ये एका हाताने कडी धरून दुसऱ्या हाताने त्यांच्याशी लढतो. कपटाविषयी बोलायचे तर जुलै २०२५ मध्ये सेबीने जेन स्ट्रीट या अमेरिकन कंपनीवर निर्देशांकात कृत्रिम चढउतार घडवल्याचा ठपका ठेवून ४,८४३ कोटी रुपये रोखून धरण्याचा आदेश दिला. कंपनीने आरोप नाकारले आणि ती अपिलात गेली. न्याय होईल तो होवो. पण असा ठपका ज्या पटावर ठेवला जातो, त्या पटावर आईचे पैसे कसे लावता?

म्हणून आमचे म्हणणे असे: याला जुगार म्हटले की मंडळी रागावतात, आणि आम्हांलाही तो शब्द आता अपुरा वाटतो. जुन्या नीतिशास्त्राने सचोटीच्या जुगाराला जी सवलत दिली होती, तिलाही हा व्यवहार पात्र ठरत नाही.

वस्तूंच्या बाजाराचीही एक आठवण देतो, कारण “शेअर नाही, मी कच्च्या तेलात करतो” असे सांगणारेही आमच्याकडे आहेत. २० एप्रिल २०२० ची गोष्ट. टाळेबंदीमुळे आपला वस्तू वायदे बाजार संध्याकाळी पाचलाच बंद झाला, तेव्हा तेलाचा भाव पिंपाला ९६५ रुपये होता. इतके स्वस्त तेल आणखी किती पडणार, म्हणून कित्येकांनी घेऊन ठेवले. रात्री न्यूयॉर्कमध्ये भाव शून्याखाली गेला, उणे ३७.६३ डॉलरवर थांबला. जगात तेल साठवायला जागा उरली नव्हती. घेऊन जा म्हणून वर पैसे द्यावे लागत होते. इथल्या सौद्याचा निकाल उणे २,८८४ रुपयांनी लागला. एक लॉट शंभर पिंपांचा. ९६५ ने घेतलेल्याचे एका लॉटमागे ३ लाख ८४ हजार ९०० रुपये गेले, आणि त्याने लावले होते त्याच्या कितीतरी पट. ज्या तेलाचा थेंबही त्याच्या दारात कधी येणार नव्हता त्या तेलाचे.

पोप अकरावे पायस यांनी १९३१ साली ‘क्वाद्राजेसिमो आन्नो’ या परिपत्रकात नेमके हेच दुखणे दाखवले होते: कमीत कमी श्रमांत झटपट नफा एवढाच हेतू असलेले लोक भाव मनमानेल तसे वरखाली करतात आणि खऱ्या उत्पादकाचे शहाणपणाचे अंदाजही फोल ठरवतात. शासनानेही हे काही प्रमाणात ओळखले. डिसेंबर २०२१ मध्ये गहू, हरभरा, सोयाबीन, मोहरी आदी सात शेतमालांचे वायदे स्थगित झाले आणि ती मुदत पुढे वारंवार वाढवण्यात आली. त्याने भाव खरोखर आवरले की शेतकऱ्याचाच एक आधार गेला, यावर जाणकारांत वाद आहे. तो त्यांनी सोडवावा.

“सरकार कर घेते, मग हे वाईट कसे?” या प्रश्नाला आम्ही फार वेळ देणार नाही. सरकार दारूवरही कर घेते.

आमच्या धर्मग्रामात अजूनही काही कुटुंबे पहाटेच्या गाडीने फुले आणि भाजी दादरला नेतात. त्यांनाही बाजाराची भीती असते. सणाच्या आदल्या दिवशी मोगरा सोन्याच्या मोलाने जातो आणि दोन दिवसांनी टोपली रस्त्यावर ओतावी लागते. पण त्यांच्या भीतीच्या तळाशी एक टोपली असते, तिच्यात फुले असतात, आणि तोटा झाला तरी कोणाच्या तरी केसांत ती माळली जातात. याच वसईत १९१८ साली मोन्सिन्योर पी. जे. मोनीस यांनी कॅथॉलिक पतसंस्था काढली, तिचीच पुढे बँक झाली. एका धर्मगुरूला आपल्या लोकांच्या पैशाची चिंता करणे हे आपले काम वाटले होते. आम्हांला ते का वाटत नाही?

त्याचे उत्तर लाजिरवाणे आहे. गेल्या वर्षी आमच्याच सभागृहात दोन रविवार ‘शेअर बाजारातून मासिक उत्पन्न’ असा वर्ग भरला. भाडे चांगले आले. छपराच्या दुरुस्तीला ते लागणारच होते. उद्घाटनाला आम्हांला बोलावले आणि आम्ही दीप लावून प्रार्थनाही म्हटली. शिकवणाऱ्याने फलकावर चढत्या बाणांची चित्रे काढली होती. त्र्याण्णवांचा आकडा त्याने सांगितला नाही, आणि आम्हीही तो तेव्हा वाचलेला नव्हता. पुढल्या ओळीत बसलेल्या पोरांना विवाहपूर्व शिबिरात आम्ही सुखी संसाराचे धडे दिले होते. त्यात पैशाविषयी एक वाक्य नव्हते. त्या बाईंनी हे सारे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, “फादर, तुम्ही दिवा लावला म्हणून त्याला वाटलं चांगलंच असेल. आम्ही कोणाला विचारायचं होतं?”

त्यांची शस्त्रक्रिया झालेली नाही. मुलगा मित्राचे लाख रुपये दरमहा फेडतो आहे. त्याने मोबाईलमधले ते ॲप आमच्यासमोर काढून टाकले. ते परत घालायला दोन मिनिटे लागतात हे त्यालाही ठाऊक आहे आणि आम्हांलाही.

त्या वर्गाच्या चालकांचा अर्ज यंदा पुन्हा आला आहे. या खेपेला चार रविवार हवे आहेत आणि भाडे दुप्पट देऊ केले आहे. छप्पर अजून गळते. धर्मग्राम मंडळातील दोन सभासद अनुकूल आहेत, एकाने तर स्वतः वर्गाला नाव दिले आहे. अर्ज आम्ही मंडळापुढे ठेवला आहे, त्याला सेबीच्या अभ्यासाची प्रत जोडली आहे, आणि त्या बाईंनाही बोलावले आहे. बैठक येत्या रविवारी, दुसऱ्या मिस्सेनंतर.