खोक्यातला राक्षस

शनिवार दुपार, बाहेर पाऊस, चहा झालाय. तेव्हा आज जरा भांडण काढतो.

भांडण आहे 'कलेक्टर' नावाच्या जमातीशी. हिंजवडी, बाणेर, मगरपट्टा, बंगळूर, जिथे जिथे आपल्यासारखी पगारदार पोरं राहतात तिथे ही जमात सापडते. हॉलमध्ये काचेचं कपाट, कपाटात एलईडीची पट्टी आणि आत गॉडझिला, एलियन, प्रिडेटर, चकी... सगळे आपापल्या खोक्यात, सील न तोडलेले. "बघू जरा हातात" म्हटलंत तर यजमानाचा चेहरा असा होतो की जणू तुम्ही त्याची किडनी मागितली.

गैरसमज नको. मला सिनेमातले राक्षस मनापासून आवडतात. बारा हजार घाला नाहीतर चाळीस हजार, पगार तुमचा, मर्जी तुमची. माझा आक्षेप आहे तो मोजमापावर. हे लोक राक्षसाची किंमत ठरवतात कशावरून? खोक्यावरून! कोपरा दबलाय का, प्लास्टिकच्या खिडकीवर ओरखडा आहे का, टेप कारखान्याचीच आहे का. अमेरिकेत तर याचं रीतसर दुकान आहे. तुमची मूर्ती त्यांच्याकडे पाठवायची, ते तिला १०० पैकी मार्क देतात आणि अॅक्रिलिकच्या डबीत कायमची बंद करून परत पाठवतात. दहावीच्या निकालाची सवय आपल्याला आहेच, म्हणून असेल, पण हा प्रकार इकडच्या मंडळींना फारच भावलाय.

आता बघा, हे ९० मार्क कशाचे? राक्षसाचे नाहीत. जपणुकीचे आहेत. ज्याचा चेहरा ओळखू येत नाही, डोळे दोन दिशांना रंगवलेत, पाय शेपटीपेक्षा लहान, असा भिकार गॉडझिलासुद्धा कपाटात नीट राहिला तर ९० मिळवतो. आपल्या धंद्यातलं उदाहरण द्यायचं तर कधी रनच न केलेला कोड. एकही बग सापडलेला नाही म्हणून त्याला कोणी पदक देईल का?

मग बघायचं काय? सिनेमा! तुमची मूर्ती कोणत्या साली पडद्यावर आलेल्या राक्षसाची आहे, हा पहिला प्रश्न. १९५४ चा पहिला गॉडझिला कृष्णधवल होता आणि तो सूट करडा-काळा होता. बाजारात '१९५४' लिहून पोपटी रंगाचे गॉडझिला विकतात आणि लोक घेतात. त्याची कातडी खडबडीत, गाठीगाठींची आहे. हिरोशिमात भाजलेल्या माणसांच्या अंगावरच्या व्रणांवरून ती घेतली असं सांगितलं जातं. ज्या मूर्तीत ती कातडी गुळगुळीत आहे, तिचं खोकं सोन्याचं असलं तरी आत पाल आहे. चकीचंही तेच. त्याच्या चेहऱ्यावरचे ते प्रसिद्ध टाके १९९८ च्या सिनेमात आले. १९८८ च्या पहिल्या भागातल्या चकीला टाके असतील तर मूर्ती करणाऱ्याने सिनेमा पाहिलेलाच नाही, आणि घेणाऱ्यानेही.

दुसरं, सांधे. खांदा बॉल जॉइंटचा आहे की नुसती खीळ? एका पायावर तोल जातो का? सोंडेच्या, शेपटीच्या वजनाने मूर्ती पुढे-मागे झुकते का? हे खोक्याबाहेरून कळणारच नाही. (मी मेकॅनिकलचा नाही, कॉम्प्युटरचा, पण एवढं मलाही कळतं.)

"पण ती इन्व्हेस्टमेंट आहे रे!" हं, आलं. मला हे वाक्य ऐकायचंच होतं.

बारा हजारांची मूर्ती घ्या. हेच पैसे बँकेत सात टक्क्यांनी ठेवले तर दहा वर्षांत साधारण २३,६०० होतात. म्हणजे मूर्ती तेवढ्याला विकली तरी तुम्ही कमावले शून्य. त्यात भारतात खेळण्यांवरची कस्टम ड्यूटी २०२० साली २० वरून ६० टक्के झाली आणि २०२३ साली ७०. त्या काळात बाहेरून मागवलेल्या मूर्तीच्या किमतीत सरकारचा वाटा केवढा होता बघा. उद्या ती परदेशी गिऱ्हाइकाला विकायला गेलात तर तो बाबा तुमची ड्यूटी भरून देणार आहे का?

त्याहून मोठी गंमत पुढे आहे. १९७९ साली 'एलियन' आला तेव्हा केनर कंपनीने त्याची १८ इंची मूर्ती चक्क लहान मुलांसाठी काढली. सिनेमा मोठ्यांचा, खेळणं पोरांचं. आईबाप भडकले, माल खपला नाही. आज हीच मूर्ती चांगल्या अवस्थेत असली तर लोक तिच्यासाठी भरपूर मोजतात, आणि सगळ्यात जास्त शोध असतो तो तिच्या डोक्यावरच्या पारदर्शक घुमटाचा. का? कारण तो पोरांनी हरवला! खेळता खेळता सोफ्याखाली, अंगणात, कुठेतरी गेला. ती मूर्ती दुर्मिळ झाली ती खेळणाऱ्यांमुळे. आज निघणारी प्रत्येक मूर्ती जर प्रत्येक जण सीलबंदच ठेवणार असेल तर वीस वर्षांनी त्या सगळ्या तशाच्या तशा शिल्लक असतील. मग दुर्मिळ काय, कप्पाळ? नव्वदच्या दशकात अमेरिकेत बीनी बेबीज नावाच्या कापडी प्राण्यांचं अगदी हेच झालं. लोकांनी पोरांच्या कॉलेजच्या फीची सोय म्हणून ते जपले आणि शेवटी ढिगाने विकायला काढले.

आणि जपले जातात असं तरी कोणी सांगितलं? या मूर्ती बऱ्याचदा पीव्हीसीच्या असतात. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात प्लास्टिसायझर घालतात. तो आतून हळूहळू वर येतो, उन्हाळ्यात जास्तच. हवा खेळती असेल तर थोडाफार निघून जातो, बंद खोक्यात मात्र तिथल्या तिथे साचतो आणि मूर्ती चिकट होते, गुळाच्या ढेपेसारखी. पुण्यात एक वेळ ठीक आहे. आमच्या खामगावात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडून बसलेला असतो, गच्चीखालच्या खोलीत तर विचारूच नका. तिथे तुमच्या मिंट कंडिशनच्या गॉडझिलाचे पाय मऊ पडून तो पुढे वाकतो. खोकं मात्र शंभरपैकी शंभर! उलट बाहेर काढून अधूनमधून कोमट पाण्याने, साध्या साबणाने धुतलेली मूर्ती जास्त टिकते. म्हणजे ज्याला हे लोक 'वापरून खराब केलेली' म्हणतात ती.

आमच्या घरचंच सांगतो. पुण्याच्या एका मित्राने त्याचा सीलबंद चकी चार दिवस माझ्याकडे ठेवला होता, तो मी दिवाळीला खामगावला घेऊन गेलो. माझ्या चुलतभावाच्या सात वर्षांच्या पोराने खोकं उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "काका, याले खेयता येत नाई त आनला कायले?" मित्राला हा प्रश्न मी जसाच्या तसा फोनवर ऐकवला. त्याने विषय बदलला.

राक्षस आणि खोकं यांचा संबंध आमच्या बुलडाणा जिल्ह्याला नवा नाही म्हणा. लोणारचं सरोवर तुम्ही ऐकून असाल, उल्कापाताने झालेलं, जवळजवळ दोन किलोमीटर रुंद. पण तिथली लोककथा उल्केची नाही, लवणासुराची आहे. हा राक्षस जमिनीखाली लपून बसलेला, वर झाकण. विष्णूने दैत्यसूदनाचं रूप घेतलं, त्याच्या बहिणींकडून जागा काढून घेतली आणि पायाच्या अंगठ्याने ते झाकण उडवलं. गावात दैत्यसूदनाचं देऊळ आहे आणि तिथे हा असुर देवाच्या पायाखाली आहे. देऊळ शेकडो वर्षांचं, दगड झिजलेले, आणि तरीही लांबून माणसं येऊन ते बघतात. झाकण बंदच राहिलं असतं तर ना लवणासुराची गोष्ट झाली असती, ना देऊळ. (आमचा हा मित्र तेव्हा असता तर म्हणाला असता, "देवा, सील तोडू नका, व्हॅल्यू जाईल.")

बरं, जगातल्या मोठ्या बाजारात तरी खोक्याला भाव आहे का? १९३३ च्या 'किंग काँग'साठी केलेला एक सांगाडा २००९ साली लंडनला क्रिस्टीजच्या लिलावात १ लाख २१ हजार पौंडांवर गेला. सुमारे २२ इंचांचा. त्याच्यावरचं रबर कुजलेलं, सशाची फर झडून गेलेली, राहिलं होतं ते फक्त धातूचं हाडं-सांध्यांचं यंत्र. तुमच्या शंभर मार्कांच्या पट्टीवर त्याला किती मिळतील? शून्य. पैसे मोजणाऱ्याने ते मोजले कारण या सांगाड्याने काम केलं होतं. एकेका फ्रेमसाठी कोणीतरी त्याचा हात किंचित हलवला होता.

आणि आता आपल्या मूळ मुद्द्यावर येतो. या काचेच्या कपाटांत मला आजवर एकदाही तात्या विंचू दिसलेला नाही.

'झपाटलेला', १९९३, महेश कोठारे. गोष्टीची कल्पना 'चाइल्ड्स प्ले'वरून घेतलेली, हे जगजाहीर आहे. पण बाहुला उसना नव्हता. तो रामदास पाध्यांनी केला आणि हलवलाही त्यांनीच. वडील यशवंत पाध्ये शब्दभ्रमकार, त्यांचा अर्धवटराव शंभरी ओलांडलेला. म्हणजे चकी कागदावर यायच्या कितीतरी आधीपासून या घरात बाहुल्यांचे जबडे, भुवया, डोळे हलवण्याचं तंत्र होतं. त्यात दिलीप प्रभावळकरांचा तात्या आणि समोर घाबरणारा लक्ष्मीकांत बेर्डे. बेर्डेंची भीती बघून आपण हसलो आणि रात्री कपाटाचं दार बंद आहे ना ते तपासूनही आलो. २०१३ साली हाच तात्या थ्रीडीत परत आला.

माझ्या वयाच्या मराठी माणसाला 'राक्षसाचा बाहुला' म्हटल्यावर पहिली आठवण कोणाची येते? खरं सांगा. चकीची? आपल्यापैकी निम्म्यांनी चकीचा सिनेमा पूर्ण पाहिलेलाही नाही. तरी कपाटात चकी आहे, कारण चकीला खोकं आहे, खोक्यावर सिरियल नंबर आहे आणि परदेशातल्या कोणीतरी त्याचा भाव ठरवून दिलाय. ज्याने आपली झोप उडवली त्याची किंमत करायला आपल्याकडे पट्टीच नाही. मला राग येतो तो याचा.

एक गोष्ट मान्य करतो. नकली माल खूप आहे आणि अशा वेळी खोकं, टेप, तळपायावरचा कंपनीचा शिक्का बघावाच लागतो. १९७९ चा एलियन घ्यायला निघालात तर जरूर तज्ज्ञाकडून तपासून घ्या. पण ती झाली ओळखपरेड. त्याला रसिकता म्हणू नका.

आणि कोणी कारागीर, कोणी कंपनी तात्या विंचूचा चांगला बाहुला करत असेल तर माझी ऑर्डर आत्ताच लिहून घ्या. जबडा दोरीने हलला पाहिजे, डोळे डावीकडे-उजवीकडे फिरले पाहिजेत, भुवई वर गेली पाहिजे. तुटला तर स्क्रू काढून घरी दुरुस्त करता आला पाहिजे. खामगावच्या उन्हात विरघळता कामा नये. खोकं साध्या पुठ्ठ्याचं चालेल, कुरियरवाल्याने दाबलं तरी हरकत नाही, त्या पोराला ते फाडायचंच आहे.