पंगतीतला 'चालु' आणि एम्युलेटरचा ३८

सोलापूरच्या पूर्व भागात विणकरांच्या घरी तेलुगू बोलतात. तिथं पंगतीत कुणी 'चालु' म्हणालं की त्याचा अर्थ 'पुरे'. नुसतं मराठी येणारा वाढपी मात्र 'चालू' ऐकणार आणि अजून दोन पळ्या आमटी ओतणार! उच्चार जवळजवळ तोच, अर्थ बरोब्बर उलटा.

एम्युलेटरमध्ये अगदी हेच होतं, फक्त शब्दांऐवजी आकडे असतात.

मिप्स प्रोसेसरसाठी बांधलेला लिनक्सचा प्रोग्रॅम इंटेलच्या मशीनवर चालवायचा तर फाब्रिस बेलारच्या क्यूएमूसारखा (२००३) एम्युलेटर लागतो. प्रोग्रॅमचा सिस्टिम कॉल तो खालच्या लिनक्सकडे पोचवतो, उत्तर परत आणतो. कॉल फसला तर एरर कोड येतो. आता गंमत बघा. लिनक्स दोन्हीकडे तेच, पण 'हा कॉल मला येतच नाही' याला इंटेलवर ३८ म्हणतात आणि मिप्सवर ८९. 'कनेक्शन नाकारलं' म्हणजे इकडे १११, तिकडे १४६. म्हणून क्यूएमूमध्ये भाषांतराचा एक तक्ताच ठेवलेला आहे.

ज्याला हा तक्ता कंटाळवाणा वाटतो तोच पुढे फसतो. कारण १ ते ३४ हे कोड दोन्हीकडे सारखेच आहेत. 'फाइल सापडली नाही' (२), 'परवानगी नाही' (१३) तपासलंत की सगळं आलबेल दिसतं. खरा घोळ ३४ च्या पुढे.

दुसरी पळवाट याहून वाईट. न येणाऱ्या कॉलला गुपचूप शून्य परत करायचं, म्हणजे 'झालं हो काम!' प्रोग्रॅम तेवढ्यापुरता पुढे सरकतो खरा. पण सी लायब्ररी बरेचदा आधी नवा कॉल करून बघते, आणि 'येत नाही' असं उत्तर आलं तरच जुन्या रस्त्यानं जाते. तुम्ही खोटं बोललात की तो रस्ताच बंद. मग प्रोग्रॅम दोन तासांनी भलतीकडेच कोसळतो आणि कुणीतरी बिचारा रात्रभर चुकीच्या जागी शोधत बसतो.

माझं मत विचाराल तर एम्युलेटरची परीक्षा यशस्वी कॉलवर घेऊच नये. 'मला येत नाही' हे तो समोरच्याच्या भाषेत, स्पष्ट सांगतो का, ते आधी बघावं. न येण्यात कमीपणा काही नाही हो. आमटी ओतत राहण्यात आहे.