घरात कुणाला होता का?

कतारमध्ये ५० ते ७४ वयाच्या, काहीही तक्रार नसलेल्या लोकांसाठी 'स्क्रीन फॉर लाइफ' ही सरकारी तपासणी आहे. शौचात डोळ्यांना न दिसणारे रक्त सापडले, तर पुढे कोलोनोस्कोपी. म्हणजे दुर्बीण सरसकट नाही. काही सापडण्याची शक्यता जास्त, त्यांना आधी.

ही शक्यता वाढवणाऱ्या गोष्टी माहीत आहेत: वाढते वय, पुरुष असणे, धूम्रपान, लठ्ठपणा, लोहाच्या कमतरतेचा ॲनिमिया, आणि आईवडील किंवा भावंडांपैकी कुणाला आतड्याचा कर्करोग असणे.

मी डॉक्टर नाही, संशोधक आहे. पण खरी गोम मला या शेवटच्या मुद्द्यात दिसते. डॉक्टर विचारतात, "घरात कुणाला होता का?" आपण बेधडक "नाही" म्हणतो, कारण आपल्याला कुणी सांगितलेलेच नसते. 'परदेशात आहे, उगाच काळजी करेल' म्हणून वडिलांचा कर्करोग फोनवर 'पोटाचे छोटे ऑपरेशन' होतो. खरे कळले असते, तर आपली तपासणी चाळिशीतच, किंवा त्यांच्या निदानाच्या वयाच्या दहा वर्षे आधी सुरू व्हायला हवी. गाठी कर्करोग होण्याआधीच काढता येतात.

भारत सरकारच्या २०१६च्या तपासणी आराखड्यात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख आहे, मोठे आतडे नाही. भारतात प्रमाण कमी, हे खरे. पण म्हणून रक्त दिसले की 'मूळव्याधच असेल' म्हणत महिनोन्‌महिने चूर्ण घ्यायचे?

येत्या शुक्रवारी घरी फोन कराल, तेव्हा हवापाण्यानंतर हेही विचारा. आजार लपवण्यात माया असेल, पण शहाणपण नाही.