तोंडी परीक्षेत तोंड उघडू द्या

दहावीच्या इंग्रजीत ८० गुण लेखीचे, तोंडी परीक्षेचे २० शाळेच्या हातातले. २०१८-१९ मध्ये राज्य शिक्षण मंडळाने भाषा विषयांचे हे २० गुण काढून घेतले. राज्याचा निकाल ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला. अभ्यासक्रमही त्याच वर्षी बदलला होता, पण ओरड झाली ती गुणांसाठी. गुण परत आले आणि २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला.

हे गुण काढू नयेत, असंच माझंही मत. पण मी पाहिलेल्या तोंडी परीक्षांत पोरगं पाठ केलेली चार वाक्यं म्हणतं नि अठरा गुण घेऊन जातं. त्याला इंग्रजी बोलता येतं का, ते कळतच नाही.

आमच्या गोंदिया जिल्ह्यात तर हे कळायलाच हवं. सालेकसा-देवरीकडे घरात गोंडी किंवा छत्तीसगढी, आमगाव-गोरेगावकडे पोवारी, अर्जुनी-मोरगावात झाडीबोली. बाजारात हिंदी, शाळेत पुस्तकी मराठी. २००० पासून पहिलीतच आलेली इंग्रजी इथल्या कित्येक लेकरांची चौथी भाषा असते. हिंदी त्यांना कुणी व्याकरणातून शिकवली नाही; ती बाजारात कानावर पडली, जिभेवर आली. इंग्रजीची पारख मात्र आपण पाठांतरावर करतो.

‘असर’ या शैक्षणिक सर्वेक्षणाचे स्वयंसेवक गावोगावी मुलांना छोटी इंग्रजी वाक्यं वाचायला देतात आणि वाचता आलं की अर्थही विचारतात. २०२२ मध्ये देशाच्या ग्रामीण भागात पाचवीतल्या साधारण चारातल्या एकालाच ती वाक्यं वाचता आली. अर्थ विचारायची ही रीत शाळेने उचलावी.

धानाच्या रोवणीचं चित्र दाखवा, बांधीत कोण काय करतंय ते विचारा. बालाघाटची गाडी किती वाजता, याची चौकशी करायला लावा. क्रियापद चुकलं तरी चालेल. म्हणणं पोहोचलं की गुण द्या. प्रत्येकाला तीन मिनिटं धरली, तर चाळीस मुलांचे दोन तास होतात. शेजारच्या शाळेतल्या बाईंना परीक्षक म्हणून बोलवा, म्हणजे ओळखीचे गुण पडणार नाहीत.

आठवीपासून हे केलं तर काहींना अठराऐवजी नऊच मिळतील. मिळू द्या. त्या नऊवरून पुढच्या दोन वर्षांत काय शिकवायचं ते समजेल. फुकटच्या अठरावरून काहीच समजत नाही.