खेळाला खेळपण कशाने येते?

सायंकाळच्या वेळी अंगणात लंगडीचा डाव रंगलेला असतो. ज्याच्यावर राज्य आले आहे, तो मुलगा एका पायावर उड्या घेत इतरांना पकडू पाहतो. त्याचे दोन्ही पाय धडधाकट आहेत. दुसरा पाय टेकला, तर तो क्षणात कोणालाही गाठील. मग तो पाय टेकीत का नाही? वाचकहो, प्रश्न पोरकट वाटेल. परंतु खेळ कशाला म्हणावे, याचे उत्तर त्यातच दडलेले आहे.

शेताच्या वाटेवर ओढा आडवा आला, तर आपण साकव शोधतो. खेळात मात्र ओढा आपणच आखतो आणि साकव नाकारतो. बर्नार्ड सूट्स नावाच्या तत्त्वज्ञाने १९७८ साली आपल्या ग्रंथात हाच विचार मांडला: गरज नसलेले अडथळे स्वखुशीने पत्करून ते ओलांडण्याचा यत्न करणे, म्हणजे खेळणे.

परंतु कोणताही अडथळा घातला की खेळ होतो, असे मात्र नाही. तो योजण्यास विचार लागतो. अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड गावी १८९१ च्या हिवाळ्यात जेम्स नेस्मिथ या व्यायामशिक्षकाला हा अनुभव आला. बाहेर थंडी; आत त्याच त्या कवायतीला कंटाळलेले अठरा विद्यार्थी. छपराखाली खेळता येईल असा नवा खेळ चौदा दिवसांत शोधून काढ, असे वरिष्ठांनी त्याला सांगितले. त्याने मैदानी खेळ आत आणून पाहिले. पण बंद जागेत धसमुसळेपणा होऊ लागला.

तेव्हा त्याने मुळाशी जाऊन विचार केला. खेळाडू एकमेकांस का पाडतात? चेंडू घेऊन पळणाऱ्यास अडवावयाचे असते म्हणून. मग चेंडू घेऊन पळूच नये, जेथे हाती आला तेथूनच तो फेकावा, असा नियम त्याने केला. पाडापाडीचे कारणच त्यामुळे उरले नाही. पुढे जमिनीवरील उभ्या गोलात चेंडू जोराने मारला जातो, हे त्याने हेरले. म्हणून त्याने सज्जाच्या कठड्याला, सुमारे दहा फुटांवर, पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या. टोपलीचे तोंड वर. तेव्हा तेथे बळापेक्षा नेम महत्त्वाचा ठरला. असे तेरा नियम झाले आणि बास्केटबॉल जन्मास आला. १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकमध्ये त्यास पदकाचा मान मिळाला.

नेस्मिथने मुलांना काय करावे एवढेच सांगितले नाही. काय करू नये, हे मोठ्या विचाराने निवडले. अडथळा फार सोपा असला तर गोडी जाते, फार कठीण असला तर उमेद जाते. शेवट कसा होईल हे कोणास ठाऊक नसावे, तरच डावात जीव राहतो. आपली मुले हे जाणतात. लंगडी घालणारा दमून गेला, की ती आपण होऊन चौकोन लहान करतात.

एका गोष्टीकडे मात्र वडीलधाऱ्यांनी लक्ष द्यावे. लहानग्याला आपण ‘कच्चे लिंबू’ करतो. तो पळतो, हसतो. पण तो बाद होतच नाही, म्हणून त्याला कोणी पकडावयासही जात नाही. जेथे हरण्याची मुभा नाही, तेथे खेळण्याचीही नाही.

आमच्या शेजारच्या अंगणात असाच एक पाच वर्षांचा कच्चा लिंबू रुसून पायरीवर बसला होता. त्याच्या ताईने नवा नियम काढला: याला पकडावयाचे तर डाव्या पायाने लंगडी घालावी. मुले कबूल झाली. तो बराच वेळ निसटला आणि शेवटी सापडलाच. तेव्हा धावत घरात जाऊन त्याने मोठ्या अभिमानाने सांगितले, “आई, मी बाद झालो!”