अपूर्णांकापाशी अडलेला हुन्नर

1985 साली वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला, पुढे शेंद्र्याला स्कोडा आली आणि आता बिडकीनच्या माळावर ऑरिकची नगरी वसते आहे. परंतु कुशल कारागीर मिळत नाहीत ही छत्रपती संभाजीनगरच्या कारखानदारांची तक्रार एवढ्या अवधीत काही मिटली नाही. तिचे निवारण आयटीआयकडे किंवा फार तर इंडो-जर्मन टूल रूमकडे सोपवून आपण मोकळे होतो. दुखण्याचे मूळ मात्र पाचवीच्या वर्गात असते.

व्हर्निअर कॅलिपरचेच पाहा. 49 मिलिमीटर लांबीचे 50 समान भाग केले म्हणजे प्रत्येक भाग मिलिमीटरहून 0.02 ने तोकडा पडतो, आणि या तोकडेपणावरच त्या साधनाची सारी सूक्ष्मता उभी असते. कोणती रेघ कोणत्या रेघेशी जुळली हे उमेदवार पोपटासारखे सांगतो; पण जबडे मिटल्यावर शून्यासमोर शून्य आले नाही, तर तो फरक मापात मिळवावा की वजा करावा, या प्रश्नापाशी त्याची मती कुंठित होते, कारण अपूर्णांक आणि ऋणसंख्या त्याने केवळ पाठ केलेल्या असतात, हाताने कधी मोजलेल्या नसतात.

अशा मुलांसाठी 2024 च्या राज्य अभ्यासक्रम आराखड्यात जो तोडगा निघाला, तो मला उफराटा वाटतो: दहावीला गणित-विज्ञानात 35 ऐवजी 20 गुणांवर पुढे जाऊ द्यावे, मात्र त्या विषयांचे पुढील शिक्षण घेता येणार नाही असा शेरा गुणपत्रिकेवर मारावा. नापासाचा कलंक टळला हे खरे. पण दरवाजा बंद झाला तो झालाच.

कन्नडचा घाट उतरून चाळीसगावकडे गेले की पाटण लागते. देवगिरीच्या यादवांच्या अमदानीत, शके 1128 मध्ये, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापिला, आणि त्याच्या निर्वाहासाठी निकुंभ सामंतांनी दिलेली दाने शिलालेखात नोंदली गेली. म्हणजे गणिताच्या अध्यापनाचा खर्च कोणी सोसावा, याचा विचार या मुलखात आठ शतकांपूर्वीच झाला होता.

मोठ्या कंपन्यांनी नफ्यातील दोन टक्के समाजकार्यावर खर्चावेत असे 2013 चा कायदा सांगतो. हा पैसा शाळेच्या भिंती रंगविण्यात आणि दप्तरे वाटण्यात खर्ची घालण्यापेक्षा, पंचक्रोशीतील जिल्हा परिषद शाळांना डझनभर कॅलिपर आणि शनिवारी दोन तास एखादा जाणता फिटर देणे वाळूजच्या कारखानदारांना जड जाऊ नये. सरकारने त्या दोन तासांपुरती तरी गुरुजींची माहितीचे तक्ते भरण्यातून सुटका करावी.